तीन दिवसांचा कागद

ऑर्विल टॅकेट माणसाचं तोंड बघायच्या आधी तारीख बघायचा. समोर कुणी कितीही नटूनथटून येवो, हा आधी हात पुढे करणार, "कागद" म्हणणार, चष्मा नाकावर ओढणार आणि बोटांवर दिवस मोजणार. मग मान वर करून, जणू ती आत्ताच दिसली अशा थाटात म्हणणार, "ये गं पोरी, कशी आहेस?" अकरा वर्षं मी त्याच्यापासून दहा हातांवर बसून लोकांच्या तोंडाला रंग लावला आणि अकरा वर्षांत त्याचा हा क्रम एकदाही चुकला नाही.

आमचा धंदा कसला हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी मुरडून घ्यावं. लॉस एंजलिसच्या डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, चॅट्सवर्थच्या बाजूला, आम्ही 'प्रौढांसाठीचे' सिनेमे बनवायचो. प्रौढांसाठीचे हा आमच्या मालकाचा, सिडचा शब्द. माझी आई सरळ 'घाणेरडे' म्हणायची आणि त्याच सिनेमांच्या पैशांतून तिनं नवे दात बसवून घेतले. दिवसाच्या बोलीवर बंगला घ्यायचा, पडदे ओढायचे आणि लोक जे दार लावून करतात ते झगझगीत दिव्यांखाली करायचं. कातडीला कातडी लागण्याचं काम. म्हणून कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकानं रक्त आणि लघवी तपासून घ्यायची आणि एचआयव्ही नाही, परमा नाही, गरमी नाही असा दवाखान्याचा कागद दाखवायचा. कागद तीस दिवस चालायचा. एकतिसाव्या दिवशी तो रद्दी. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आमचा आम्हीच घालून घेतलेला नियम होता. आणि तो कागद दारात बसून तपासणारा माणूस म्हणजे ऑर्विल.

असला सोवळा माणूस या धंद्यात आला कसा, हे लोक मला नेहमी विचारायचे. ऑर्विल आधी बावीस वर्षं राज्याच्या हद्दीवर, नीडल्सजवळच्या फळनाक्यावर होता. ॲरिझोनातून येणारी प्रत्येक गाडी थांबवायची आणि विचारायचं, "फळं आहेत का? संत्री? लिंबं? रोपं?" सापडली की काढून घ्यायची आणि पिंपात टाकायची, कारण फळातून कीड आली तर इकडच्या बागा बसतात. लोक खोटं बोलायचे, भांडायचे. एका म्हातारीनं म्हणे पीचच्या पेटीला मिठी मारली होती. नवऱ्यानं लावलेल्या झाडाची फळं, नवरा गेलेला. ऑर्विलनं तीही काढून घेतली. "कीड माणसाचं तोंड बघत नाही, बाई," एवढंच म्हणाला. ही गोष्ट तो दर उन्हाळ्यात सांगायचा.

बायको वारली, पाठ गेली, तेव्हा तो नोकरी सोडून बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला आला. बहीण सिडकडे कचेरीत होती. सिडला दारात असा माणूस हवा होता, जो पोरींकडे टकामका बघणार नाही आणि कुणाच्या गोड बोलण्याला भुलणार नाही. ऑर्विलला त्यानं एकच दिवस पाहिलं आणि ठेवून घेतलं.

नाक्यावरची पांढरी टोपी, घडीची खुर्ची, बर्फाची पेटी आणि पत्त्यांची एक पेटी, एवढा त्याचा संसार. पत्ते म्हणजे प्रत्येक कलाकाराच्या नावाचं एकेक कार्ड, त्यावर रक्त कधी काढलं त्याची तारीख. रिपोर्ट कधी आला ती तारीख तो धरायचाच नाही. "पीच झाडावरून तोडलं त्या दिवसापासून जुनं होतं, दुकानात आलं त्या दिवसापासून नाही," म्हणायचा. आमच्याकडे सगळ्यांना दोन नावं. एक सिनेमातलं, चटकदार, आणि एक आईबापांनी ठेवलेलं. सेटवर दुसऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, तसा रिवाजच नाही. पण कागद खऱ्या नावाचा, म्हणून ऑर्विल सगळ्यांना खऱ्या नावानं ओळखायचा. कित्येक पोरींना आईनंतर त्या नावानं हाक मारणारा तोच एक होता.

आमच्या पोरींना आपापल्या कागदाचा केवढा तोरा! कुणाचा किती ताजा यावरून चिडवाचिडवी चालायची. "तुझा काय गं, मागच्या शतकातला का?" कागद ताजा असला की चाल बदलायची, हसू मोकळं व्हायचं. मलाही त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

आता त्या सप्टेंबरचं सांगते. उन्हानं वैतागून, कडू तोंडं करून सगळे बसले होते, डोंगरांवर वणवे पेटलेले, हवेत राख. सकाळी नऊला कोरीन आली. कोरीन ही ऑर्विलची लाडकी. तिला गिअरची गाडी चालवायला त्यानं शिकवलेलं, आणि त्याच्या वाढदिवसाला ती दरवर्षी स्वतःच्या हातानं पीचची पाई, म्हणजे आत फळं भरलेला केकसारखा गोड पदार्थ, भाजून आणायची. त्या दिवशीचं मुख्य काम तिचंच होतं.

ऑर्विलनं कागद घेतला. बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"एकतीस," तो म्हणाला.

"अरे हो, सांगायचं राहिलं. नवीन रक्त देऊन आलेय मी कालच. आधी जमलंच नाही. आज दुपारी येईल रिपोर्ट."

"मग दुपारी ये."

"दुपारी? दिवे लावून बसलेत सगळे. ऑर्व, एक दिवस रे! एका दिवसात माझ्या रक्तात काय किडे पडणार आहेत?"

"पडत असतील, नसतील. मला दिसत नाहीत."

"अरे, मी कोरीन, कुणी परकी नाही!" ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग ना गं याला, रोबर्टा."

मी कुंचला धुवायला लागले. मी काय सांगणार? या म्हाताऱ्यानं विधवेची पीचं सोडली नव्हती.

सिड आतून ओरडत आला. "काय तमाशा आहे हा? संध्याकाळी सहाला बंगला खाली करायचाय! एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय का?"

"तुम्ही तीस म्हणालात, मी तीस मोजतो," ऑर्विल म्हणाला. "एकतीस चालणार असतील तर बत्तीसही चालतील. मग मला इथं कशाला बसवलंय? एक कुत्रं बांधा."

कोरीन रडली. मग चिडली. "पुढच्या वर्षी पाईची वाट बघू नकोस, खडूस म्हाताऱ्या," असं म्हणून गाडीचं दार आपटून गेली. ऑर्विलला लागलं ते. टोपी काढून त्यानं उगाचच आत बघितलं, पुन्हा घातली.

पण काम तर व्हायला हवं होतं. ऑर्विलनं पत्त्यांची पेटी उघडली. त्याची एक पद्धत होती: ऐनवेळी कुणाला बोलवायचं झालं तर ज्याचा कागद सगळ्यात ताजा, त्याला पहिला फोन. सिडला ही पद्धत पसंत होती, कारण त्यात वशिला नव्हता. पहिलं कार्ड निघालं ते लीअ‍ॅनचं. रक्त काढून तीन दिवस झालेले.

लीअ‍ॅन नेब्रास्काची, चोवीस वर्षांची. कामाला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. खळखळून हसायची आणि पावडर लावताना एक मिनिट स्थिर बसायची नाही. ऑर्विलनं स्वतःच्या फोनवरून तिला बोलावलं. पाऊण तासात ओल्या केसांनी हजर. कागद त्याच्या नाकाशी नाचवत म्हणाली, "बघ, भट्टीतून आत्ताच काढलाय. हात भाजेल!"

ऑर्विलनं मोजलं. "तीन. जा आत."

"आणि समोर कोण आहे?"

"कर्टिस."

कर्टिस हा आमचा जुना, सभ्य माणूस. वेळेवर यायचा, दारू नाही, कुणाच्या अध्यात नाही. त्याचा कागद ऑर्विलनं सकाळीच बघून ठेवला होता. "त्याचे सव्वीस," तो म्हणाला. "चालू आहे."

"असू दे सव्वीस. माझा तर तीन दिवसांचा आहे ना! मला कसली भीती?"

हे ती माझ्या खुर्चीत बसता बसता बोलली. ऑर्विलनं ऐकलं. मी ऐकलं. मी हसले आणि म्हणाले, "हो गं बाई, तू तर ताजं लोणी." ऑर्विलनं तोंड उघडलं होतं, मला अजून आठवतं. पण आतून सिड ओरडला, "झालं का?" आणि त्यानं तोंड मिटलं. नियम पाळला गेला होता. दोन्ही कागद बरोबर होते.

नऊ दिवसांनी कर्टिस नव्या कागदासाठी रक्त द्यायला गेला. आमच्या दवाखान्याची एक रीत होती. सगळं ठीक असलं की तिथली नर्सबाई फोनवरच गाणं म्हटल्यासारखं वाचून दाखवायची, नाही, नाही, नाही. नसलं ठीक, तर एवढंच म्हणायची, "येऊन जा, बसून बोलू." कर्टिसला ती म्हणाली, "येऊन जा."

एचआयव्ही. त्याला कुठून लागला ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि त्याला शिव्या घालणाऱ्यांत मी नव्हते, नाही. त्या कामाच्या सव्वीस दिवस आधी त्याचं रक्त स्वच्छ होतं. मधल्या दिवसांत काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. विषाणू शिरला की पहिले काही दिवस तपासणीतसुद्धा दिसत नाही. माणूस हसतो, खातो, कामावर येतो.

त्या दिवशी सगळ्या खोऱ्यातलं काम थांबलं. मागच्या कागदानंतर कर्टिसनं कुणाकुणाबरोबर काम केलं, त्याची यादी निघाली. चार बायका. त्यांतली शेवटची लीअ‍ॅन. नशिबानं कर्टिसबरोबरच्या कामानंतर ती आईकडे गेली होती, दुसऱ्या कुणाला तिच्यापासून धोका नव्हता. पण तिला? आता रक्त द्यायचं, आणि आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं. दुसरं स्वच्छ आलं तर सुटली.

पहिल्या तपासणीला ऑर्विल तिला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला. मी मागे बसले होते. ती वाटभर बडबडत होती. "माझा कागद तर ताजा होता ना, ऑर्व? तीनच दिवसांचा. मग कसं होईल मला?" ऑर्विल रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला.

पहिला रिपोर्ट ठीक आला. बाईनं फोनवर तीन वेळा 'नाही' म्हटलं आणि लीअ‍ॅन माझ्या स्वयंपाकघरात नाचली. "म्हटलं नव्हतं?" म्हणाली. बाकीच्या तिघींचंही ठीक आलं. अजून दुसरी तपासणी बाकी आहे, हे कुणाला आठवायचंच नव्हतं.

त्याच आठवड्यात कोरीन आली. हातात पीचची पाई, वाढदिवस नसताना. दारातच तिनं ऑर्विलला मिठी मारली.

"तू मला वाचवलंस रे. त्या दिवशी आत सोडलं असतंस तर आज मी त्या यादीत असते. आणि मी तुला काय काय बोलले!"

"मी तुझी तारीख बघितली. बाकी काही केलं नाही."

"तेच रे, तेच. देवमाणूस आहेस तू."

ती गेल्यावर त्यानं पाई माझ्या हातात दिली. "घरी घेऊन जा."

"एक तुकडा तरी खा. पोरगी प्रेमानं घेऊन आलीय."

"तिला घरी पाठवलं म्हणून दुसरीला बोलावलं ना मी?" तो म्हणाला. "स्वतःच्या फोनवरून. का, तर तिचा कागद ताजा. रोबर्टा, नाक्यावर मी ज्याची फळं काढून घ्यायचो, त्याचं काय वाचायचं गं? त्याचं काहीच नाही. पुढच्या बागा वाचायच्या. बावीस वर्षं मला हे पाठ होतं. लीअ‍ॅनचा ताजा कागद कर्टिसच्या कामाचा होता, तिच्या नाही. तिचा जीव त्याच्या सव्वीस दिवसांवर होता. ती माझ्यासमोर म्हणाली, मला कसली भीती. आणि मी गप्प बसलो."

मी त्याला म्हटलं, मीही गप्प बसले, वर हसलेसुद्धा. तो म्हणाला, "तू रंग लावतेस. बघायचं काम माझं होतं." मला त्याचा इतका राग आला, की असला राग मला आयुष्यात कमी वेळा आला असेल. सगळं आपल्याच डोक्यावर घ्यायचं म्हणजे काय? आणि घरी जाऊन मी ती पाई तशीच कचऱ्यात टाकली.

मग काम पुन्हा सुरू झालं. पहिल्याच सकाळी ऑर्विलनं सगळं उलटं केलं. समोर आली ती एक नवी मुलगी, हातात स्वतःचा कागद. ऑर्विलनं तो घेतला, मोजला आणि परत दिला नाही. त्याऐवजी ज्याच्याबरोबर तिचं काम होतं, त्या माणसाचा कागद तिच्या हातात ठेवला.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. पण तुझ्या कामाचा हाच. मोज दिवस."

"तेवीस. म्हणजे चालतो की."

"चालतो. फक्त एवढं ध्यानात घे, या तेवीस दिवसांत त्यानं काय केलं ते ना मला माहीत, ना दवाखान्याला. कागद गेल्या महिन्यातला आहे. माणूस आजचा आहे. हे कळून आत जायचं असेल तर जा. निरोध पेटीत आहेत. हवा असेल तर माग, कुणी नको म्हणालं तर मला सांग."

तिचं तोंड पडलं. दहा मिनिटं पायरीवर बसली आणि मग निघून गेली. दुपारपर्यंत तिघं गेले. त्यांत एक पुरुषसुद्धा होता. चार वर्षं कामावर असलेला तो माणूस दुसऱ्याचा कागद हातात घेऊन पहिल्यांदाच नीट वाचत होता.

सिड लालबुंद. "तुला दारात बसवलंय ते लोकांना आत सोडायला की पळवून लावायला?"

"खोटं काय सांगितलं ते दाखवा."

"खरंखोटं गेलं खड्ड्यात! कागद कशासाठी असतो? माणसानं निर्धास्त होऊन कामाला लागावं म्हणून!"

"हो," ऑर्विल म्हणाला. "तेच तर चुकलं."

सिडनं त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं. ऑर्विलनं भांडण केलं नाही. पत्त्यांची पेटी टेबलावर ठेवली, खुर्ची घडी करून काखेत मारली, टोपी घातली. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर सिडचा मेहुणा बसला. त्याला एक ते तीस मोजता येत होतं, तेवढं पुरे होतं. मी तिथंच रंग लावत राहिले. पोट होतं, आणि धीर नव्हता. खरं तेच सांगते.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी सकाळी लीअ‍ॅनचा मला फोन आला. दुसऱ्या तपासणीला दोनच दिवस झाले होते. आवाज अगदी साधा होता.

"रोबर्टा, दवाखान्यातून फोन आला होता."

"काय म्हणाली? वाचून दाखवलं का?"

"नाही. येऊन जा म्हणाली."

मी ऑर्विलला कळवलं. आम्ही दोघं पोचलो तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली होती, केस ओले, अगदी त्या दिवशीसारखे. ती ऑर्विलला म्हणाली, "तू चल आत. माझा कागद नेहमी तूच बघतोस."

आतल्या खोलीत नर्सबाईनं दार लावलं. कागद टेबलावर पालथा होता. ती बोलायला लागली, तिला तसं शिकवलेलं असतं, हळू आवाजात, औषधांचं, डॉक्टरांचं, की आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, माणसं जगतात. लीअ‍ॅननं तिला हातानं थांबवलं. "ऑर्व, तू वाच."

ऑर्विलनं कागद उलटला. चष्मा नाकावर ओढला. आधी नाव बघितलं. मग तारीख. मी त्याची बोटं बघत होते. मांडीवर एक बोट हललं, मग दुसरं. बिचाऱ्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"दोन दिवसांचा," तो म्हणाला, आणि पुढे त्याच्याच्यानं वाचवेना.

लीअ‍ॅननं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. तिनं हसायचा प्रयत्न केला आणि दारातल्या त्या जुन्या सुरात विचारलं, "ताजा आहे ना? मग जाऊ ना मी आत?"

ऑर्विलनं टोपी काढली आणि तोंडावर धरली.